शून्य धरलेला पीळ

१९१५ साली आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षतेची समीकरणे मांडली, तेव्हा अवकाशकालाला वक्रता मिळाली, पीळ मिळाला नाही. रीमान यांच्या भूमितीत तो शून्यच असतो आणि ती भूमिती हाताशी तयार होती. पुढे ही सोय इतकी अंगवळणी पडली, की पीळ नसणे हा निसर्गाचाच नियम आहे अशा थाटात ते शिकवले जाऊ लागले. माझ्या मते तो नियम नव्हता, प्रघात होता. १९१५ मध्ये तो रास्तही होता, कारण द्रव्याचे वर्णन ऊर्जा, संवेग आणि दाब एवढ्यावर भागत होते. इलेक्ट्रॉनचे स्वरूप कळल्यावर मात्र त्याला आधार उरला नाही.

वक्रता आणि पीळ यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. एखादा बाण समांतर ठेवत लहानशा बंद वाटेने फिरवून आणला आणि परतल्यावर तो कललेला दिसला, तर तिथे वक्रता आहे. आता दोन अगदी लहान पावले घ्या. एकदा आधी पूर्वेचे आणि मग उत्तरेचे, दुसऱ्यांदा आधी उत्तरेचे आणि मग पूर्वेचे. प्रत्येक वेळी दुसरे पाऊल पहिल्याच्या वाटेवरून समांतर नेलेले. पीळ असेल तर दोन्ही वाटांची टोके जुळत नाहीत, चौकोन उघडा राहतो. ही फट एली कार्तान यांनी १९२२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. ज्याचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे वळू शकतो अशा लवचीक पदार्थाचा सिद्धांत कोसेरा बंधूंनी १९०९ मध्ये लिहिला होता. त्याचा कार्तान यांच्यावर प्रभाव होता. म्हणूनच पिळाचे नाते द्रव्याच्या स्वतःच्या कोनीय संवेगाशी जोडण्याची कल्पना त्यांना सुचली. इलेक्ट्रॉनचा असा स्वतःचा कोनीय संवेग, म्हणजे स्पिन, मांडला गेला १९२५ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

यानंतर जे घडले ते चुटपुट लावणारे आहे. १९२८ मध्ये आइन्स्टाइन यांनी दूरस्थ समांतरतेचा सिद्धांत काढला. त्यात वक्रता शून्य आणि सगळा भार पिळावर. अशी भूमिती आपण आधीच अभ्यासली आहे, हे कार्तान यांनी मे १९२९ मध्ये पत्राने कळवले. आइन्स्टाइन यांनी ते मान्य करून त्यांच्याकडूनच या कल्पनेचा इतिहास लिहवून घेतला. तो १९३० मध्ये छापून आला. पण आइन्स्टाइन पिळात विद्युतचुंबकत्व शोधत होते, स्पिन नव्हे. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे डिरॅक यांचे समीकरण आले होते आणि १९२९ मध्ये हेरमान वाइल यांनी दाखवले होते, की इलेक्ट्रॉनला गुरुत्वाकर्षणात बसवायचे तर प्रत्येक बिंदूपाशी स्वतःची चौकट लागते. कार्तान यांना हवे असलेले द्रव्य आणि त्यांची भूमिती एकाच वेळी उपलब्ध होती, पण त्यांची गाठ पडली नाही. ती पडली टॉम किबल (१९६१) आणि डेनिस शामा (१९६२) यांच्या हातून: अवकाशकालाच्या सममिती प्रत्येक बिंदूपाशी स्वतंत्र केल्या, तर पीळ आपोआप येतो आणि स्पिन हा त्याचा उगम ठरतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. या सिद्धांतात पीळ पसरत नाही. जिथे स्पिन तिथेच तो, बाहेर निर्वातात शून्य. त्याचे समीकरण निव्वळ बीजगणिती असल्याने तो सोडवून काढूनही टाकता येतो. १९७१ मध्ये हेल आणि बी. के. दत्ता यांनी तसे केले, तेव्हा डिरॅक समीकरणात एक तिसऱ्या घाताचे पद उरले: एकाच जागी असलेले इलेक्ट्रॉनसारखे कण (फर्मिऑन) एकमेकांच्या स्पिनवर परिणाम करतात. मग पीळ हे याच पदाचे दुसरे नाव नव्हे काय? गणितापुरते हे खरे आहे. पण ते पद आणि त्याचा गुणांक आपल्या मर्जीने निवडावा लागत नाही. साध्यात साध्या जोडणीत न्यूटनच्या स्थिरांकावरून तो ठरतो. शून्य धरणाऱ्या प्रघातात ते पदच गळून पडते. शिवाय वक्रतेचे आणि पिळाचे वर्ग घेणाऱ्या विस्तारित सिद्धांतांत, जसे हायाशी आणि शिराफुजी यांनी १९८० मध्ये मांडले, पीळ पसरूही शकतो. तिथे हा आक्षेप लागूच पडत नाही.

दुसरा आक्षेप परिमाणाचा, आणि तो जड आहे. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हा परिणाम दखलपात्र व्हायला घनता दर घन सेंटीमीटरला १० च्या ४७ व्या घाताइतके ग्रॅम लागते. अणुकेंद्राची घनता १० च्या १४ व्या घाताच्या आसपास असते. त्यामुळे पीळ कुठे दिसलाच तर विश्वाच्या आरंभी. १९७३ मध्ये ट्राउटमन यांनी स्पिनमुळे सिंग्युलॅरिटी, म्हणजे घनता अनंत होण्याची अवस्था, टळू शकते असे दाखवले. त्यांच्या प्रतिमानात सगळे विश्व सुमारे एक सेंटीमीटर त्रिज्येला थांबते. पण त्यासाठी सगळे स्पिन एकाच दिशेला धरावे लागतात. १९७५ मध्ये कर्लिक यांनी खरे डिरॅक क्षेत्र घेतले, तर उलट सिंग्युलॅरिटीला बळच मिळते असे आढळले. ट्राउटमन यांचा निष्कर्ष म्हणूनच सरसकट स्वीकारता येत नाही. तरीही उत्तर दोन्हींपैकी कुठलेही असो, द्रव्याचे वर्णन बदलताच ते बदलते. पीळ शून्य धरला असता तर हा प्रश्नच विचारता आला नसता.

प्रयोगांतही स्पिन वगळून विचार करण्याची सवय आडवी आली. २००४ मध्ये अवकाशात गेलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहातले क्वार्ट्झचे गोल पिळाचा माग काढतील, असे २००७ मध्ये सुचवले गेले. पण ते गोल फिरत असले तरी त्यांतले इलेक्ट्रॉन स्पिनच्या दृष्टीने एका दिशेला नव्हते; भोवऱ्याचे फिरणे आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन एकच मानणे ही चूक होती, हा हेल यांचा आक्षेप मला योग्य वाटतो. पिळाला जाब विचारायला लागतो सिअॅटलच्या प्रयोगशाळेतला स्पिन-लोलक: दोन वेगळ्या चुंबकी पदार्थांची कडी, बाहेरून चुंबकत्व जवळपास नाही, आत मात्र सुमारे १० च्या २३ व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच बाजूला. २००८ मध्ये कोस्टेलेकी, रसेल आणि टॅसन यांनी अशा मोजमापांवरून पृथ्वीजवळच्या संभाव्य पिळावर कडक मर्यादा घातल्या.