पटावरची नावे : शाळेच्या आठवणींचा एक कोकणी इतिहास

उमरठ हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तानाजी मालुसरे यांच्यामुळे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींची समाधी या गावी आहे आणि दरवर्षी माघ वद्य नवमीला तेथे माणसे जमतात. एका सवंगड्याची आठवण साडेतीनशे वर्षे जपणारे हे गाव आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या या डोंगरपट्टीला स्मरणाची आणखी एक परंपरा आहे, आणि ती पराक्रमातून नव्हे, स्थलांतरातून निर्माण झालेली आहे. येथील घराघरांतून माणसे मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी लष्करात. शाळा सुटली की पुष्कळांचे गावही सुटत असे. साहजिकच बालपणीचे सोबती पुन्हा भेटण्याची जागा म्हणजे आठवण, आणि त्या आठवणीचे केंद्र म्हणजे गावची शाळा.

आज मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे भरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर दहावीच्या तुकडीनिहाय गट असतात. तेथे सांगितल्या जाणाऱ्या आठवणींचा साचा आता जवळजवळ ठरून गेला आहे : मास्तरांची छडी, फुटकी पाटी, गळके कौल, आणि ‘ते दिवस पुन्हा येणे नाही’ हा समारोप. वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून आपण या आठवणींकडे एक रचनाप्रकार म्हणून पाहिले, तर एक प्रश्न टाळता येत नाही. या आठवणींत कोण असते आणि कोण नसते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याच परिसरातील तीन जुन्या आत्मकथनांकडे वळणे उपयुक्त ठरेल.

पहिले धोंडो केशव कर्वे यांचे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आत्मवृत्ता’त दापोली तालुक्यातील मुरूडची शाळा ठळकपणे येते. १८७५ मध्ये सरकारी परीक्षेला बसण्यासाठी कर्वे आणि त्यांचे सोबती भर पावसात घाट चढून मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. वय लहान दिसते या कारणावरून कर्व्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा प्रसंग मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या मानाने कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे १८८६ चा ‘मुरूड फंड’. शिकून मुंबईत पोटापाण्याला लागलेल्या या तरुणाने गावाच्या सार्वजनिक कामांसाठी वर्गणीचा निधी उभारला. सोमण गुरुजींसारख्या शिक्षकाने लावलेल्या सार्वजनिक कामाच्या सवयीचे ते फळ होते. गाव सोडून गेलेल्यांनी एकत्र यावे आणि आपल्या मिळकतीतला काही भाग गावाकडे पाठवावा, ही कल्पना पुढे कोकणच्या गावोगावी ‘मुंबईकर मंडळां’च्या रूपाने रुजलेली दिसते. माजी विद्यार्थ्यांच्या संपर्काचे हे उजळ रूप होय.

परंतु याच कथेचा उत्तरार्ध वेगळा आहे. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि ज्या मुरूडसाठी त्यांनी निधी उभारला होता त्याच मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. लहानपणचे गाव, ओळखीचे चेहरे, एकत्र बसून केलेला अभ्यास. यांतले काहीही त्या वेळी उपयोगी पडले नाही. सहवासाची आठवण माणसांना जवळ आणते हे खरे. पण रूढीने आखलेली रेष ओलांडण्याचे बळ त्या आठवणीत आपोआप येत नाही, हे या घटनेवरून ध्यानात येते.

मजेची गोष्ट अशी, की हा विवाहदेखील विद्यार्थिदशेतल्या मैत्रीतूनच घडलेला होता. गोदूबाई म्हणजे कर्व्यांचे विद्यार्थिदशेतील मित्र नरहरपंत जोशी यांची धाकटी बहीण. पुढे आनंदीबाई कर्वे अथवा ‘बाया’ या नावाने त्या ओळखल्या गेल्या. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन १९४४ साली प्रसिद्ध झाले. तेथे शाळेची आठवण बालपणाची नाहीच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्या सदनातल्या गोदूबाई या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. भावाच्या आणि त्याच्या मित्राच्या आठवणीत शाळा ही सहज मिळालेली वस्तू होती. बहिणीच्या आठवणीत ती वैधव्यानंतर मोठ्या वयात उघडलेले दार आहे. एकाच मैत्रीच्या वर्तुळातली ही दोन स्मरणे आहेत, आणि ती शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्यांपैकी एकाचाही पूर्ण अर्थ लागत नाही.

तिसरे कथन उमरठला अधिक जवळचे आहे. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ सालचा, महाड तालुक्यातील लाडवलीचा. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने या मुलाला अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. तक्रार वर्तमानपत्रापर्यंत गेली, मग प्रवेश मिळाला. परंतु बसायची जागा इतरांपासून वेगळीच राहिली. पटावर नाव होते, पण बाकावर जागा नव्हती. पुढे महाडच्या बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना पाणीही मिळत नाही हे पाहून मोऱ्यांनी तरुणपणी तेथे चहाचे दुकान काढले, आणि गावोगावची माणसे भेटण्याचे ते एक ठिकाण झाले. शाळेने ज्यांना एकत्र बसू दिले नाही, त्यांच्यासाठी हे दुकानच एका अर्थी मेळाव्याची जागा ठरले.

त्यानंतरचा इतिहास सर्वज्ञात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झालेल्या बोले ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळांचाही समावेश होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तथापि तो कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी घेतले गेले, त्या परिषदेच्या संयोजनात मोरे अग्रभागी होते. शाळेत नाकारलेल्या जागेपासून तळ्यापर्यंत जाणारी ही वाट सरळ आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ती वाट त्याच गावातून जाते, हे विसरणे त्याहून वाईट. मोऱ्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेल्या चरित्रासह २००३ साली ग्रंथरूपाने आले. म्हणजे महाडच्या एका माजी विद्यार्थ्याची शाळेची आठवण वाचकांपर्यंत पोहोचायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली!

या तीन कथनांतून जे दिसते ते असे : शाळेची आठवण ही केवळ भावनेची बाब नाही, ती एक नोंद आहे, आणि कोणतीही नोंद करताना कोणाची तरी निवड होतच असते. स्नेहमेळाव्याला येतो तो बहुधा शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी. चौथीनंतर गुरे राखायला गेलेला, सातवीनंतर मुंबईला नातेवाइकाकडे कामाला पाठवलेला, लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात गेलेली. यांची नावे पटावर असतात, पण त्यांना निमंत्रण धाडायला कोणाजवळ पत्ता नसतो. आठवणींच्या साच्यातून नेमकी हीच माणसे गळतात.

म्हणूनच माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येण्यात केवळ हौस आहे असे समजून आपण अध्यापकांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये. शाळेचे जनरल रजिस्टर हा या भागाच्या सामाजिक इतिहासाचा मोठा ऐवज आहे. त्यात नाव, जात, जन्मतारीख, दाखल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली. अशा पाण्यापुढे जुन्या दप्तराचा टिकाव किती लागणार? मेळाव्याला जमलेल्या तुकडीने आपल्या वर्षाचे पान समोर घ्यावे, एकेक नाव मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक नावापुढे ‘आता कोठे’ हे विचारावे. त्यासाठी ना खर्च लागतो, ना व्यासपीठ.

उत्तरे नेहमीच सुखाची नसतील. कोणाला वेगळे बसवले होते, कोणाला पाणी वरून ओतले जात होते, कोणाची शाळा कोणाच्या सांगण्यावरून सुटली, हेही त्यात येईल. त्याने गोडवा कमी होईल अशी भीती काहींना वाटेल. पण सवंगड्यांची आठवण जपणे म्हणजे केवळ आपल्या बाकावर बसलेल्यांची आठवण जपणे नव्हे. पट वाचताना मध्येच शांतता पसरली, तर तीही नोंदवून ठेवावी. पुढच्या अभ्यासकाला कदाचित तेथूनच सुरुवात करावी लागेल.