सोनेरी पट्टा आणि गव्हाची पेंढी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या भाषणाची सुरुवात एका भांडणापासून करू. इ. स. १३८५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा तरुण राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. मोहिमेतून हाती फारसे काही लागले नाही. पण त्या फौजेत दोन सरदार समोरासमोर आले आणि दोघांचेही चिन्ह एकच निघाले. निळ्या रंगावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात उतरणारा एक सोनेरी तिरका पट्टा. एक सरदार होता यॉर्कशायरचा सर रिचर्ड स्क्रूप, राज्याचा माजी चॅन्सेलर. दुसरा होता चेशायरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर. चेशायर ही वायव्य इंग्लंडमधली, वेल्सच्या सीमेला लागून असलेली काउंटी. ग्रोव्हनर तिथला जमीनदार. त्याचे नाव दरबारात फारसे कुणी ऐकलेले नव्हते.

स्क्रूपने तक्रार केली आणि खटला उभा राहिला. तो जवळपास पाच वर्षे चालला.

एका पट्ट्यासाठी एवढे रामायण कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्या काळी ढालीवरचे चिन्ह ही नुसती शोभा नव्हती. बाराव्या शतकात चेहरा झाकणारी शिरस्त्राणे आली, तेव्हा रणात माणूस ओळखायचा तो ढालीवरून. मग तेच चिन्ह मोहरेवर आले आणि जमिनीच्या दस्तऐवजावर उमटू लागले. चर्चच्या रंगीत काचांत आणि पूर्वजांच्या समाध्यांवर ते कोरले गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्या जमीनदाराची ती सही होती आणि त्याच्या मुलाचा वारसदाखलाही तोच होता. दुसऱ्याने ते चिन्ह लावणे म्हणजे आपल्या बापाच्या नावावर हक्क सांगणे.

खटला चालला तो शौर्यविषयक न्यायालयात, म्हणजे सेनापतींच्या दरबारात. शेकडो साक्षीदार तपासले गेले. स्क्रूपच्या बाजूने राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट आणि त्याचा मुलगा, पुढे चौथा हेन्री म्हणून राजा झालेला, असे बडे बडे उभे राहिले. ग्रोव्हनरच्या बाजूने मुख्यतः चेशायर आणि लँकेशायरची शेजारपाजारची घराणी आली. वेल्सचा ओवेन ग्लेंडावर हाही त्याच्या साक्षीदारांत होता. पुढे याच ओवेनने इंग्लंडच्या राजाविरुद्ध मोठे बंड केले.

या साक्षीदारांत एक कवी होता. 'कँटरबरी टेल्स'चा कर्ता जेफ्री चॉसर. १३८६ च्या ऑक्टोबरात वेस्टमिन्स्टरमध्ये त्याची जबानी झाली. फ्रान्सच्या मोहिमेत आपण स्वतः स्क्रूप घराण्याच्या माणसांना हे चिन्ह वापरताना पाहिले आहे, असे त्याने सांगितले. पुढची हकीकत जास्त गमतीची आहे. एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला एका घरावर हेच चिन्ह टांगलेले दिसले. इथे स्क्रूप उतरले आहेत का, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले, ही स्क्रूपची नव्हेत, चेशायरच्या ग्रोव्हनरची चिन्हे. हे नाव त्या दिवशी आपण पहिल्यांदा ऐकले, असे चॉसरने न्यायालयाला सांगितले. ग्रोव्हनरच्या पक्षाला हा टोला जिव्हारी लागला असणार.

गंमत म्हणजे पट्ट्यावर हक्क सांगणारा आणखी एक जण होता, कॉर्नवॉलचा कार्मिनो. स्क्रूप आणि ग्रोव्हनर या दोघांचा दावा असा, की आपले पूर्वज १०६६ मध्ये विल्यम विजेत्याबरोबर आले, तेव्हापासून हे चिन्ह आमचे. कार्मिनोचे म्हणणे याहून वरचे. आमच्याकडे ते थेट राजा आर्थरच्या काळापासून आहे! वस्तुस्थिती अशी, की विल्यमच्या काळात अशी वंशपरंपरागत चिन्हे नव्हतीच. म्हणजे तिघेही शपथेवर जे सांगत होते ते घडणे शक्य नव्हते. आणि तरीही साक्षीदार खोटे बोलत होते असे म्हणता येत नाही. आजोबांनी सांगितले ते त्यांनी सांगितले. न्यायालय तपासत होते ते रक्त नव्हे, लोकांची आठवण.

१३८९ मध्ये निकाल स्क्रूपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरला सवलत एवढीच, की पट्ट्याभोवती रुपेरी कड काढून त्याने चिन्ह वापरावे. त्याने राजाकडे दाद मागितली. १३९० मध्ये राजाने तीही सवलत काढून घेतली. अशी साधी कड जवळच्या भाऊबंदाला शोभते, परक्याला नव्हे, असे राजाचे म्हणणे पडले. तेव्हा ग्रोव्हनरने पट्टा सोडला आणि निळ्या रंगावर गव्हाची एक सोनेरी पेंढी घेतली.

ही पेंढी त्याने हवेतून उचलली नव्हती. चेस्टरच्या अर्लांच्या निशाणावर निळ्या रंगावर तीन सोनेरी पेंढ्या असत. हे अर्ल चेशायरचे जवळजवळ राजेच. त्यांचा शेवटचा वंशज १२३७ मध्ये वारला आणि अर्लपद राजघराण्याकडे गेले. आजही युवराज हाच चेस्टरचा अर्ल असतो. अर्ल गेले, पण पेंढी चेशायरमध्ये उरली. चोल्मोंडेली असे लांबलचक लिहायचे आणि 'चम्ली' असे म्हणायचे, त्या घराण्याच्या ढालीवर दोन शिरस्त्राणांखाली एक पेंढी आहे. चेस्टर शहराच्या मुद्रेत इंग्लंडचे अर्धे सिंह आणि अर्ध्या पेंढ्या जोडल्या आहेत. यॉर्कशायरच्या माणसाकडून हरलेल्या ग्रोव्हनरने पेंढी घेतली तेव्हा त्याने जणू सांगितले, की पट्टा नसेल आमचा, पण मुलूख आमचाच आहे.

या चिन्हांना एक व्याकरण असे. थोरल्या मुलाने वडिलांच्या हयातीत चिन्हावर एक आडवी पट्टी लावायची, दुसऱ्याने चंद्रकोर, तिसऱ्याने चांदणी. मुलीला ढाल नाही. तिचे चिन्ह चौकटच्या आकारात काढायचे. ती सासरी गेली की माहेरचे चिन्ह सहसा पुढल्या पिढीत उतरत नसे. मात्र तिला भाऊ नसेल, तर तिच्या माहेरचे चिन्ह तिच्या मुलांच्या ढालीच्या एका भागात बसे. कारण उघड आहे. तिच्याबरोबर जमीनही आलेली असे. म्हणून अनेक घरे पाडलेली जुनी ढाल दिसली की समजावे, इतक्या वेळा दुसऱ्या घराण्याचा पुरुषवंश खुंटला आणि त्याची शेते इकडे आली.

काही चिन्हे हक्काची असत. चेशायरच्या डेव्हनपोर्ट घराण्याच्या शिरस्त्राणावर चोराचे मुंडके आहे आणि त्याच्या गळ्यात फास आहे. मॅकल्सफिल्डच्या जंगलातल्या चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त वंशपरंपरेने त्यांच्याकडे होता. घराच्या दारावर ते मुंडके पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याला काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

पुढे १५३० पासून राजाचे वंशनोंद अधिकारी, म्हणजे हेरल्ड, काउंटी-काउंटीत फिरू लागले. ते गावी आले की जमीनदारांनी आपली वंशावळ आणि पुरावे घेऊन हजर व्हायचे. पुरावा नसेल त्याचे नाव 'हा प्रतिष्ठित गृहस्थ नव्हे' म्हणून जाहीर होई. चेशायरला १६६३-६४ मध्ये विल्यम डगडेल हा नामवंत हेरल्ड आला. चेस्टरमध्ये तेव्हा रँडल होम नावाचा चित्रकार होता. त्याचे वडील आणि आजोबाही रँडल होमच, आणि चिन्हे रंगवणे हा घरचा धंदा. परवानगीवाचून तो चिन्हे रंगवतो म्हणून डगडेलने त्याच्यावर खटला भरला आणि चर्चमध्ये त्याने रंगवलेले फलक खराब करून टाकले. या रँडल होमने १६८८ मध्ये चिन्हशास्त्रावर एक अवाढव्य ग्रंथ छापला. जगातली कोणतीही वस्तू ढालीवर येऊ शकते, असे म्हणून त्याने सुताराच्या रंध्यापासून स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत सगळ्यांची नावे आणि चित्रे त्यात दिली. सरदारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात कारागिरांची दुनिया टिकून राहिली. त्या काळची हत्यारे आणि अवजारे शोधणारे अभ्यासक आजही त्याकडेच वळतात.

याच सुमारास चेशायरमध्ये एक वाद पेटला. १६७३ मध्ये सर पीटर लेस्टर या विद्वान जमीनदाराने काउंटीच्या इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने लिहिले, की चेस्टरचा अर्ल ह्यू याची मुलगी अमिशिया ही अनौरस होती. अर्ल ह्यू वारला ११८१ मध्ये. म्हणजे गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची. पण अमिशिया दिली होती मॅनरिंग घराण्यात, आणि त्या घराण्याचे सर टॉमस मॅनरिंग थोड्याच मैलांवर राहत होते. त्यांनी तत्काळ पुस्तिका छापून उत्तर दिले. लेस्टरने प्रत्युत्तर दिले. मग पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या.

लेस्टरचा मुद्दा असा. १२३२ मध्ये ह्यूचा मुलगा निपुत्रिक वारला तेव्हा वारसा चार बहिणींकडे गेला. अमिशियाच्या वंशाला छदामही मिळाला नाही. मॅनरिंगचे उत्तर असे, की ती पहिल्या बायकोची मुलगी, म्हणून सावत्र. सावत्र बहिणीला भावाचा वारसा मिळत नसे. शिवाय बापाने तिला कायदेशीर लग्नात मुलीला देतात तशी देणगी दिल्याचा दस्तऐवज आहे. आणि सर्वांत मोठी मौज ही, की लेस्टरची आई मॅनरिंगांचीच मुलगी होती. म्हणजे तो स्वतःच्याच पणजीच्या पणजीला बट्टा लावत होता. कागद जे सांगतो ते लिहायचे, मग ते आपल्याच रक्ताविरुद्ध का असेना, असा त्याचा बाणा. १६७८ मध्ये तो वारला. या सगळ्या गदारोळात अमिशियाची स्वतःची साक्ष कुठेच नाही. तिच्या नावावर दोन सरदारांनी शाई उधळली, आणि तिचे स्वतःचे असे आपल्या हाती उरले ते फक्त नाव.

आता पुन्हा ग्रोव्हनरांकडे येऊ. त्यांचे भाग्य उजळले ते एका मुलीमुळेच. १६७७ मध्ये सर टॉमस ग्रोव्हनरचे लग्न मेरी डेव्हिस हिच्याशी झाले. ती बारा वर्षांची होती आणि तिच्या नावावर लंडनच्या पश्चिमेला सुमारे पाचशे एकर कुरणे व पाणथळ जमीन होती. त्याच जमिनीवर पुढे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्या उभ्या राहिल्या. १८७४ मध्ये घराण्याला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर ही पदवी मिळाली.

इतकी दौलत आली, पण हरलेला पट्टा विसरला गेला नव्हता. पहिल्या ड्यूकने आपल्या एका घोड्याचे नाव ठेवले 'बेंड ऑर', म्हणजे सोनेरी पट्टा. १८८० मध्ये या घोड्याने डर्बी जिंकली. त्यावर हरलेल्या बाजूने तक्रार केली, की हा बेंड ऑर नव्हेच. शिंगरूपणी अदलाबदल होऊन हा टॅडकास्टर नावाचा दुसराच घोडा आला आहे. दोघांचा बाप एक, आया वेगळ्या. पुन्हा चौकशी झाली, पुन्हा साक्षी झाल्या, आणि या वेळी निकाल ग्रोव्हनरांच्या बाजूने लागला.

बेंड ऑरचा सांगाडा मात्र जपून ठेवलेला होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या हाडांतील आईकडून येणारा डीएनए तपासला गेला. तो जुळला टॅडकास्टरच्या आईच्या वंशाशी. म्हणजे तक्रार बहुधा खरी होती. जगातल्या असंख्य शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ ज्याच्या नावाशी जाऊन मिळते, त्याचे नावच दुसऱ्याचे होते.

शतकानुशतके ही घराणी बापाचे चिन्ह पुढे नेत राहिली. आईचे चिन्ह ढालीवर आले ते जमीन घेऊन आले तेव्हाच. आणि खात्रीने काही सांगण्याची वेळ आली तेव्हा बोलली ती आईची बाजू, तीही एका घोड्याच्या हाडांतून. अमिशियाबद्दल असे काही बोलेल अशी हाडे आपल्याकडे नाहीत.

ग्रोव्हनरांच्या ढालीवर आज वेस्टमिन्स्टर शहराची चिन्हे आहेत आणि त्यांच्या शेजारी निळ्या रंगावर ती गव्हाची पेंढी आहे. पट्ट्याचा हक्क शपथेवरच्या साक्षींनी ठरला आणि गेला. पेंढीसाठी मात्र सव्वासहाशे वर्षांत कुणालाही साक्ष द्यावी लागली नाही.