घरजावयाचा परवाना

आमची थोरली बहीण परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने लग्न केले. दोघेही निवृत्त झाल्यावर २०१२ साली ती डहाणूच्या आमच्या जुन्या घरी राहायला आली. ताईने आपला भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता, त्यामुळे तिला कोणी काही विचारले नाही. भाऊजी मात्र ब्रिटिश नागरिक. शेजारीपाजारी त्यांना गमतीने 'घरजावई' म्हणू लागले. पण सरकारी अर्जात घरजावई असा रकाना नसतो! तिथे प्रश्न असतो तो एवढाच : तुम्ही इथे कोणत्या आधारावर राहता?

भाऊजींचा समज असा, की पेन्शनरांसाठी वेगळा व्हिसा असेल. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्यांना तसा मिळतो. मलेशियानेही २००२ पासून पैसेवाल्या परदेशी लोकांना दीर्घ मुक्कामासाठी बोलावले. आपल्याकडे मात्र वयाला किंवा पेन्शनीला असे दार नाही, नात्याला आहे. हे नात्याचे दार कसे घडले, ते आज सांगायचे आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. तलासरीच्या पलीकडे, हद्द ओलांडली की संजाण लागते. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, ही कथा बहमन कैकोबाद यांनी इ. स. १६०० च्या सुमारास 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात सांगितली. त्यात राजा जादी राणा राहायला जागा देतो, पण अटी घालतो. धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने संध्याकाळी लावा. दूध-साखरेची प्रसिद्ध गोष्ट त्या काव्यात नाही. अटी मात्र आहेत. आमच्या किनाऱ्यावरचा दीर्घ मुक्कामाचा हा पहिला परवानाच म्हणायचा. पुढे संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या डोंगरात राहिला, अशी परंपरा आहे. तो डोंगर आमच्याच डहाणू तालुक्यात आहे.

दुसरी लाट आली ती एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी. यझद आणि केरमान भागातल्या झरतुष्ट्री लोकांची तिकडे फार गांजणूक होई. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला धाडले. त्यांच्या खटपटीने १८८२ मध्ये जिझिया कर उठला. तरीही माणसे येत राहिली. त्यांतल्या काहींनी डहाणू-घोलवडच्या जमिनीत चिकू लावला. आज घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, त्यामागे या इराणी कुटुंबांचेही कष्ट आहेत.

त्यांच्यातले पहिले लोक आले तेव्हा व्हिसा नव्हता. हिंदुस्थानात येण्यासाठी पासपोर्टचा कायदा झाला १९२० मध्ये, परदेशी लोकांच्या नोंदणीचा १९३९ मध्ये, आणि परदेशी व्यक्तींचा मुख्य कायदा १९४६ मध्ये. हे तिन्ही कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला आहे.

आता लग्नाचे पाहा. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याचे सूत्र सरळ होते : बायको नवऱ्याच्या देशाची. परक्याशी लग्न केले, की तीही परकी. इराणच्या दिवाणी संहितेतले ९७६ वे कलम दुसऱ्या टोकाने तेच सांगते. इराणी पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री इराणी समजली जाते. म्हणजे डहाणूत जन्मून डहाणूतच नांदणाऱ्या मुलीने त्या काळी एखाद्या इराणी प्रजाजनाशी लग्न केले, की ती कायद्याच्या नजरेत परकी झाली. अंगण तेच, विहीर तीच, देश तेवढा बदलला!

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने ही चूक सुधारली. लग्नाने भारतीय स्त्रीचे नागरिकत्व आपोआप जात नाही. पण लग्नाच्या नात्याने नोंदणी करून नागरिक होण्याची सोय त्यात फक्त स्त्रियांना होती. परदेशी सुनेला दार उघडे, परदेशी जावयाला बंद! 'स्त्रिया' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' हा शब्द आला १९८६ च्या दुरुस्तीत. सोबत पाच वर्षे वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीत ती सात वर्षांची झाली.

भाऊजी आले ते पीआयओ कार्डावर. त्यात परदेशी जोडीदारालाही जागा होती, पण सलग १८० दिवसांहून जास्त राहिले तर नोंदणी करावी लागे. पालघर जिल्हा व्हायचा होता. पहाटेची गाडी पकडून आम्ही ठाणे गाठले. ९ जानेवारी २०१५ पासून ती कार्डे ओसीआय धरली गेली. आता आजन्म व्हिसा आहे, नोंदणी नाही. नव्याने अर्ज करणाऱ्या जोडीदाराचे लग्न मात्र नोंदलेले आणि अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते. मतदान नाही, शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकते.

भाऊजींना चिकूची छोटी वाडी घ्यायची होती. ती ताईच्या नावे घेतली. पूर्ण नागरिकत्वाचा मार्गही त्यांच्यासमोर आहे, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. जन्माचा पासपोर्ट सोडावा लागेल. त्यावर ते अजून विचार करत आहेत.

इकडे १९६० साली राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले. तलासरीच्या लेकी त्या हद्दीपलीकडे आजही नांदतात, तिकडच्या इकडे येतात. कोणी कागद मागत नाही. ती राज्यांची हद्द, ही देशांची. देशाने कागद मागावा, हे मला मान्य आहे. पण सबंध मुक्काम एका नात्यावर उभा असेल, तर त्या नात्याचा कागद वेळेवर करून ठेवावा. मुलगी परदेशी दिलेली असो की जावई तिकडून आलेला असो, लग्नाची नोंदणी 'पुढे बघू' म्हणून टाळू नका. म्हातारपणी पुरावे गोळा करणे फार जड जाते.

मध्यंतरी भाऊजींनी नवा पासपोर्ट काढला. तो ओसीआयच्या नोंदीत चढवताना लग्न अद्याप टिकून असल्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. भाऊजींनी पेन हातात घेऊन ताईकडे पाहिले. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करा सही. आजच्यापुरतं तरी टिकलंय."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)