दोन आसनें

विमानाच्या अग्रभागींच्या कक्षांत दोन आसनें असतात. डावीकडे मुख्य वैमानिक बसतो, उजवीकडे सहवैमानिक. विमान दोघांसहि चालवितां येतें. परंतु ढगांत शिरावें कीं माघारें वळावें, याचा अखेरचा निर्णय मुख्य वैमानिकाचा. आपल्याकडील स्त्रियांच्या विमानविद्येचा इतिहास या दोन आसनांच्या आधारेंच नीट उमगतो.

१९३६ सालीं लाहोर येथें एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांनीं साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनें उडविलें. पुढें १९३९ मध्यें त्यांचे वैमानिक पति निवर्तले, महायुद्धामुळें नागरी शिक्षण थांबलें, आणि हा व्यवसाय करण्याचा त्यांचा मार्ग खुंटला. १९४७ मध्यें प्रेम माथुर यांस हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें नोकरी दिली, पण सहवैमानिकाची. १९४९ ची राष्ट्रीय विमानशर्यत त्यांनीं जिंकली; तरीहि प्रवासी विमानाचें आधिपत्य त्यांस मिळालें नाहीं, व अखेर त्यांनीं ती नोकरी सोडली. अमेरिकेंतहि निराळा प्रकार नव्हता. १९३४ मध्यें हेलन रिची यांस एका कंपनीनें घेतलें. परंतु वैमानिकांच्या संघानें त्यांस सभासद करून घेतलें नाहीं, आणि वर्षभराच्या आंतच त्या बाहेर पडल्या.

१९६६ मध्यें दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्यें वैमानिक झाल्या आणि दार किलकिलें झालें. तथापि एक शंका उरलीच. शेजारीं पुरुष बसलेला असला, म्हणजे सुखरूप प्रवासाचें श्रेय त्याच्या पदरांत टाकावयास लोक मोकळे! ही शंका व्याख्यानांनीं फिटण्यासारखी नव्हती.

ती फिटली १९८५ च्या नोव्हेंबरांत. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनीं फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलें. सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. विमानांतील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. सिल्चर हें बराकच्या खोऱ्यांतील, डोंगरांनीं वेढलेलें व पावसाळी हवेचें गांव. तेथें विमान उतरविणें हा कांहीं शोभेचा समारंभ नव्हे. पुढें १९८९ च्या सप्टेंबरांत याच दोघींनीं बोइंग ७३७ हें जेट विमान नेलें, आणि 'लहान विमान ठीक, मोठ्याचें काय?' या आक्षेपासहि जागा उरली नाहीं.

सौदामिनी म्हणजे वीज. पण वीज क्षणभर चमकून मावळते. देशमुख यांची कीर्ति तशी नव्हे. आज भारतीय वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण जगाच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. ध्वनिक्षेपकावर वैमानिक म्हणून बाईचा आवाज आला, तर प्रवासी वृत्तपत्रांतून मान वर करीत नाहीं. सरला ठकराल व प्रेम माथुर यांच्या वांट्यास जें आलें नाहीं, तें हेंच.