खोडदच्या बंद खोलीतली उष्णता

नारायणगावाहून पूर्वेला खोडदच्या रस्त्याला लागले की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे तारांच्या जाळीच्या मोठमोठ्या थाळ्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० थाळ्या मिळून जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. थाळीच्या वर, चार खांबांच्या आधाराने, रेडिओलहरी पकडणारे ग्राहक बसवलेले असतात. ते उन्हापावसात उघड्यावरच असतात. जगातल्या अनेक रेडिओ दुर्बिणींत हे ग्राहक हेलियमच्या साहाय्याने उणे अडीचशे अंशांच्याही खाली गार ठेवतात. खोडदला तसे करत नाहीत, कारण कमी कंप्रतेच्या पट्ट्यांत आकाशगंगेचा स्वतःचाच गोंगाट इतका मोठा असतो की ग्राहक गोठवून हाती फारसे काही लागत नाही.

त्याच दुर्बिणीच्या मध्यवर्ती इमारतीत मात्र थंडाव्यावाचून काही मिनिटेही निभत नाही. तिथे प्रोसेसर आहेत. तीस थाळ्यांचे संकेत जुळवून त्यांतून आकाशाचे चित्र काढण्याचे काम ते करतात आणि ते करताना तापतात. ही उष्णता बाहेर काढण्याच्या युक्त्यांचे कूळ शोधत गेले, तर या दुर्बिणीची मूळ संस्था, टाटा मूलभूत संशोधन संस्था, समोर येते.

या संस्थेने मुंबईत टीफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. आर. नरसिंहन यांच्या गटाने उभा केलेल्या या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळीत आधी तंतू लाल होईपर्यंत तापवावा लागतो, तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणजे गणित केले नाही तरी नळी तापलेलीच. त्याआधीच्या, अमेरिकेतल्या १९४६ च्या एनियाकमध्ये अशा सुमारे १८,००० नळ्या होत्या आणि यंत्र दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई. त्या पिढीत थंडावा म्हणजे मोठे झोतपंखे आणि गार हवेची खोली. चिपेला वेगळा थंडावा द्यायचा प्रश्नच नव्हता, कारण चिपच नव्हती.

ट्रान्झिस्टर आल्यावर तंतू तापवायची गरज संपली. उष्णतेचा प्रश्न मिटेल असे वाटण्यासारखीच ती गोष्ट होती. घडले उलटे. घटक लहान झाले म्हणून ते जवळजवळ रचता आले, आणि जवळ रचले म्हणून थोड्या जागेत जास्त उष्णता साठू लागली. हा प्रश्न संगणक रचणाऱ्या सीमोर क्रे याने सर्वांत गंभीरपणे घेतला. त्याच्या १९७६ च्या क्रे-१ यंत्रात फ्रिऑन हा फ्रिजमधला वायू नळ्यांतून फिरवलेला होता आणि सुमारे ११५ किलोवॅट उष्णता तो वाहून नेई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किटांच्या थप्प्या फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात सरळ बुडवलेल्या होत्या. माझ्या मते प्रोसेसर थंड करण्याच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी टप्पा. आज बुडीत थंडाव्याची जी चर्चा चालते, तिचा पाया तिथे घातला गेला.

क्रेचा एक्स-एमपी संगणक हवामान अंदाजासाठी भारताला मिळाला, पण मोठ्या यंत्रांवर निर्बंध आले. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडलेले होते. ते सीमॉस जातीचे. क्रेच्या जुन्या चिपांमधून वीज सतत वाहत असे; सीमॉसमध्ये ती मुख्यतः स्विच उघडताना-मिटताना लागते. या एका फरकाने जगभरातल्या संगणकखोल्यांमधून पाण्याच्या आणि फ्रिऑनच्या नळ्या काही काळ हद्दपार झाल्या. मोठ्या कंपन्यांचे पाण्यावर थंड होणारे मेनफ्रेमही नव्वदच्या दशकात पुन्हा हवेवर आले.

घरातल्या संगणकाच्या थंडाव्याची गोष्ट याच सुमारास सुरू होते. सुरुवातीच्या ८०८६ सारख्या चिपेवर काहीच नसायचे, नुसती काळी वडी. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा हीटसिंक आला, पेंटियमबरोबर त्यावर छोटा पंखा बसला. मग तांब्याचा तळ, मग हीटपाइप. हीटपाइपची युक्ती मला फार आवडते. बंद तांब्याच्या नळीत थोडे पाणी आणि कमी दाब. चिपेकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला वाफ निवून पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पुन्हा चिपेकडे ओढले जाते. पंप नाही, हलता भाग नाही. जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ मध्ये लॉस अलामोस इथे ती अवकाशयानांतल्या वापराच्या विचाराने घडवली. तीस वर्षांनी ती लॅपटॉपच्या पोटात आली. मंचर किंवा नारायणगावच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप ‘गरम होऊन बंद पडतो’ म्हणून आला की कारागीर ब्लोअर मारून पट्ट्यांतली धूळ उडवतो आणि वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो. चिप आणि हीटसिंक कितीही गुळगुळीत असले तरी मध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवा उष्णता फार वाईट वाहते. पेस्ट त्या पोकळ्या भरते, बस एवढेच तिचे काम. आपल्याकडच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात ते सगळ्यांत मोलाचे ठरते.

हवेची मर्यादा २००४ च्या सुमारास उघडी पडली. रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलेले एक गणित तोवर उद्योगाला तारून नेत होते: ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचा विद्युतदाबही कमी करता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. ट्रान्झिस्टर फारच बारीक झाल्यावर बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली आणि ते गणित कोलमडले. इंटेलचा पेंटियम ४ शंभर वॅटच्या पलीकडे गेला आणि त्याच्यापुढची टेजस ही चिप कंपनीने २००४ मध्ये रद्द केली. एकच गाभा (कोर) अधिकाधिक वेगाने पळवण्याचे दिवस सरले. एका चिपेत अनेक गाभे घालायचे आणि काम वाटून घ्यायचे, ही दिशा उष्णतेने ठरवून दिली.

खोडदच्या कामाला ही दिशा अगदी मानवली. तिथे तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संकेत सतत एकमेकांशी गुणावे लागतात. अशी कामे वाटून घेता येतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण जगाला अर्पण झाली, तेव्हा हे गुणाकार खास त्यासाठी घडवलेल्या चिपा करत आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळत. २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा ताफा तेच काम सॉफ्टवेअरने करू लागला. मग दुर्बिणीचे अद्ययावतीकरण झाले आणि पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. त्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तीस थाळ्या आणि प्रत्येकीची दोन ध्रुवणे धरली तर सेकंदाला ४,८०० कोटी. हे पेलायला एनव्हिडियाची टेस्ला के-४० ग्राफिक कार्डे आली. अशा एकेका कार्डाची कमाल उष्णता २३५ वॅट. आकाश जितके रुंद पाहायचे, तितकी खोली तापते.

इथे खोडदची खास अडचण सुरू होते. प्रोसेसर जितका वेगवान, तितका तो स्वतः रेडिओलहरी सोडतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांत जिथे दुर्बीण ऐकत असते. दूरच्या दीर्घिकेतून आलेला संकेत अतिशय दुबळा. शेजारच्या संगणकाची कुजबुजही त्याला बुडवते. म्हणून ही उपकरणे धातूने चहूबाजूंनी मढवलेल्या खोलीत ठेवावी लागतात. संकेत आत काचेच्या तंतूतून येतो, कारण काचेवाटे रेडिओगोंगाट बाहेर पडत नाही. पण उष्णतेला तर बाहेर जायलाच हवे, आणि हवेच्या थंडाव्याला मोठे झरोके लागतात. धातूच्या खोलीला झरोका म्हणजे गोंगाटाची वाट.

या पेचावर तंत्रज्ञांचा उपाय म्हणजे पोळ्यासारखी षटकोनी धातूची जाळी. तिचे प्रत्येक घर तरंगलांबीच्या मानाने फार अरुंद आणि पुरेसे खोल असते. अशा अरुंद बोगद्यातून लांब लाट पुढे जाऊच शकत नाही, काही मिलिमीटरांतच विरते; हवा मात्र खुशाल ये-जा करते. खोडदला ज्या लहरी ऐकायच्या त्यांची लांबी सुमारे वीस सेंटिमीटरपासून सहा मीटरपर्यंत आहे, त्यामुळे बोटाएवढे घरही त्यांच्या दृष्टीने बंद दारच. पण जाळी हवेला अडवतेही. तिच्यातून जास्त उष्णता न्यायची तर पंखे मोठे लावावे लागतात, आणि पंख्यांच्या मोटारी व त्यांचे वेगनियंत्रक पुन्हा गोंगाट करतात. हवेची ताकद इथे संपत येते.

पुण्यातही हेच कळून चुकले. तिथल्या एका प्रयोगशाळेत टाटांचा ‘एका’ हा महासंगणक २००७ मध्ये वेगात जगात चौथा आला, तो हवेवरच चालणारा होता. त्यानंतरच्या यंत्रांची घनता वाढत गेली. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मात प्रोसेसरला भिडलेल्या पट्ट्यांतून पाणी फिरते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावते. म्हणून खोलीभर वारा घालण्याऐवजी बोटभर नळी पुरते. धातूच्या भिंतीतून धातूची नळी नेऊन ती कडेने पक्की जोडता येते, त्यामुळे मोठ्या झरोक्याची गरजही उरत नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी परम रुद्र मालिकेतले तीन महासंगणक देशाला अर्पण झाले; त्यांतला एक जीएमआरटीच्या कामासाठी, क्षणभर चमकून विझणाऱ्या रेडिओस्फोटांच्या शोधासाठी. संगणनाची ही भूक पुढेही वाढणारच.

आता प्रश्न पाण्याचा. प्रोसेसरला भिडणारे पाणी बंद फेऱ्यात फिरते, ते संपत नाही. पण त्याची उष्णता शेवटी कुठेतरी सोडावी लागते, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी कूलिंग टॉवर असतो. तो माठाच्याच तत्त्वावर चालतो: थोडे पाणी उडून जाते, उरलेले गार होते. एक मेगावॅट उष्णता अशी उडवायची तर ताशी सुमारे १,५०० लिटर पाणी वाफ होऊन जाते, म्हणजे दिवसाला ३६,००० लिटर. येडगाव, माणिकडोह, डिंभे या धरणांच्या आवर्तनावर डोळे लावून बसणाऱ्या जुन्नर-आंबेगावात हा आकडा हलका धरून चालणार नाही.

यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो ऐकायला उलटा वाटतो: प्रोसेसर गरम पाण्याने थंड करायचा. चिप साधारण ८० अंशांपर्यंत बिनघोर चालते, तिला गार पाणी लागतच नाही. आयबीएम आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठाने २०१० मध्ये अॅक्वासार या यंत्रात ६० अंशांच्या पाण्याने प्रोसेसर चालवून दाखवले आणि त्या पाण्याची ऊब इमारतींना दिली. पाणी एवढे गरम असले की चाळीस अंशांच्या दुपारीही ते नुसत्या वाऱ्यावर निवते. कूलिंग टॉवर नको, कॉम्प्रेसरही नको.

झुरिकला ऊब इमारतींसाठी हवी होती. आपल्याला ती शेतमालासाठी हवी आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडले की क्रेट रस्त्याकडेला ओतले जातात; मंचरच्या कांद्याचीही तीच गत होते. टोमॅटो आणि कांदा सुकवायला पन्नास ते साठ अंशांची कोरडी हवा लागते, आणि गरम पाण्यावर चालणाऱ्या अशा महासंगणकाच्या मागच्या नळीतून साधारण त्याच तापमानाचे पाणी बाहेर पडते. १०० किलोवॅट उष्णता देणारा संगणक आणि निम्मी उष्णता वाया घालवणारे वाळवणयंत्र धरले, तरी तासाला सत्तर किलोच्या आसपास पाणी शेतमालातून काढता येईल. यासाठी नवी विज्ञानशाखा लागत नाही. एक उष्णता-विनिमयक, एक पंप आणि पुढचा महासंगणक आखतानाच नळीची दुसरी बाजू वाळवणीच्या शेडकडे वळवण्याचा निर्णय लागतो.