पैजेवर टिकलेली फ्रेम

ब्रेझिंगच्या, म्हणजे वितळलेल्या धातूने नळ्या जोडण्याच्या, टेबलापाशी माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे सायकल दिसली की नजर आधी फ्रेमच्या सांध्यावर जाते. नळी जिथे लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या धातूच्या बाहीत, शिरते, तिथली कडच सांगते की हात कसा होता. हाताने जोडलेल्या या कडा मोठ्या शर्यतींतून केव्हाच गेल्या, तिथे आता साच्यातला कार्बन आहे. जपानच्या कैरिनमध्ये, म्हणजे पैज लावण्याच्या सायकलशर्यतींत, मात्र त्या अजून आहेत. त्या टिकल्या पैज लावणाऱ्यांच्या पैशावर, आणि मला यात काहीच कमीपणा वाटत नाही.

महायुद्धात बेचिराख झालेल्या शहरांना निधी हवा होता. १९४८ मध्ये सायकलशर्यतींवर पैज लावू देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोकुऱ्याला पहिली कैरिन झाली. सायकलला एकच गिअर, ब्रेक नाही, आणि बाहेर तिकीटखिडकीवर रांग. पैसा लावणाऱ्याला खात्री हवी असते की हार-जीत पायांवर ठरेल, महागड्या यंत्रावर नाही. शंका आली की तो तिकीट घेत नाही. म्हणून फ्रेम पोलादाचीच, आणि सुट्या भागांवर ‘एनजेएस’ या मान्यतेचा शिक्का. फ्रेम बांधणाऱ्यालाही मान्यता लागते. पण स्वार दोन हजारांच्या वर, प्रत्येकाचं माप वेगळं, आणि पडझड तर रोजचीच. कारागिराला काम मिळत राहिलं ते यामुळे.

योशिआकी नागासावा हे असेच एक कारागीर; ते १९७० च्या सुमारास इटलीला गेले. मिलानमध्ये सांते पोग्लियागी आणि मग उगो डी रोझा यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. हे डी रोझा म्हणजे महान सायकलपटू एडी मर्क्सच्या फ्रेम बांधणारे. परत आल्यावर नागासावांनी ओसाकाजवळ काशिवाऱ्यात स्वतःचं वर्कशॉप थाटलं. त्यांच्या फ्रेमवर कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटचा विश्वविजेता राहिला. आज त्यांचा मुलगाही हेच काम करतो.

या कामात घाई चालत नाही. नळीचं तोंड कानशीने असं घासायचं की दुसऱ्या नळीवर बसल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. मग फ्लक्स, मग ज्योत, आणि ज्योत एका जागी थांबवायची नाही. नळीचा पत्रा मध्यभागी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो; तापायला वेळ लागत नाही आणि जळायलाही. तापलेल्या पोलादाचा रंग जमला की जोडधातूचा रॉड टेकवायचा. वितळलेला धातू उष्णतेच्या मागे फटीत आपोआप ओढला जातो आणि लगच्या पलीकडच्या कडेला बारीक, चकाकती रेघ उमटते. रेघ सलग दिसली तर सांधा भरला. रंग कधी जमला हे मला माझ्या उस्तादाने शब्दांत कधीच सांगितलं नाही, शेजारी उभं राहूनच ते कळलं.

आमच्या पुण्यात एके काळी रस्ते सायकलींनी भरून वाहायचे. पण फ्रेम कारखान्यातून यायची. गल्लीतला मिस्त्री चाकाचा आऊट काढायचा, चिमटा सरळ करून द्यायचा. हात त्याचाही चांगला होता. स्वतःच्या मापाची फ्रेम मागणारं गिऱ्हाईक तेवढं त्याच्याकडे आलं नाही.

जपानमध्ये २०१२ मध्ये बायकांची कैरिन पुन्हा सुरू झाली, तिच्यात कार्बनच्या फ्रेम चालतात. २०२१ मध्ये चिबाला नवी शर्यत आली, तीही कार्बनवरच. पुरुषांच्या नेहमीच्या शर्यती अजून पोलादावर आहेत. तो नियम उद्या बदलला, तर काशिवाऱ्यातल्या नागासावांच्या मुलाकडे ऑर्डरी कुठून येणार, ही काळजी मला खरोखर लागून राहिली आहे.