कुंभी-कुल

उष्ण कटिबंधातील वृक्ष व झुडपांचे कुल. शास्त्रीय नाव लेसिथिडेसी. यात सुमारे २५ प्रजाती व ३०० हून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक दक्षिण अमेरिकेतील आहेत. सह्याद्रीतील कुंभा, कोकणातील समुद्रफळ, शिवमंदिरांच्या आवारात लावला जाणारा कैलासपती आणि ॲमेझॉनच्या जंगलातला ब्राझील नट हे सारे याच कुलातले. फळे पाहून हे नाते पटत नाही : कुंभ्याचे फळ हिरवे व मांसल, समुद्रफळाचे तंतुमय, कैलासपतीचे तोफगोळ्यासारखे, तर ब्राझील नटचे कठीण कवचाचे. पण फळाची घडण बीजप्रसाराच्या गरजेनुसार बदलते. या कुलाची खरी ओळख फुलातल्या पुंकेसरांत आहे. ते असंख्य असतात व तळाशी जुळून त्यांचे कडे बनते.

असंख्य पुंकेसर जांभूळ-पेरूच्या कुलातही असतात, हा आक्षेप वजनदार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथॅम व हूकर यांनी या वनस्पती त्याच कुलात घातल्या होत्या. मात्र पेरूचे पान उजेडासमोर धरले की तैलग्रंथींचे ठिपके दिसतात, कुंभ्याच्या पानात ते नसतात. डीएनएच्या अभ्यासानेही हे कुल जांभळाच्या गणातून काढून चहा व बकुळ यांच्या गणात आणले आहे. दुसरा आक्षेप कैलासपतीचा. त्याच्या फुलात कड्याची एक बाजू वाढून फण्यासारखी वाकते. कुंभ्याचे फूल मात्र चहूकडून सारखे, ब्रशासारखे. मग कुल एकच कसे? ‘गुस्ताविया’ ही अमेरिकी प्रजाती याचे उत्तर देते. ती कैलासपतीच्याच शाखेतली, तरी तिचे कडे सर्व बाजूंनी सारखे असते. म्हणजे फणा हा वेगळा अवयव नसून त्याच कड्याचा विस्तार आहे. मधमाश्यांकडून परागण होणाऱ्या फुलांत तो वाढला. रात्री उमलून वटवाघळांना बोलावणाऱ्या कुंभ्याला त्याची गरज नव्हती. म्हणून आशियाई व अमेरिकी शाखांना उपकुले मानणे रास्त, स्वतंत्र कुले नव्हेत.

कुंभ्याच्या सालीच्या तंतूंची जामगी पूर्वी तोड्याच्या बंदुकांना लावत. त्याच्या ‘कॅरेया’ या प्रजातीचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी विल्यम कॅरी यांच्यावरून ठेवले. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) प्रसिद्ध करणारे कॅरी ते हेच.